मुक्या सैनिकाचा वैद्य : पाप की ऋण?

दत्तजयंतीच्या सायंकाळी आरती आटोपली, सुंठवडा वाटून झाला, मंडळी आपापल्या घरी पांगली. परंतु सभामंडपाच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ मात्र बसून राहिले. आपल्याच सभासद-कुटुंबांपैकी एका घरचे ते वडीलधारे. सारी हयात त्यांनी सैन्यात पशुवैद्य म्हणून घालवली, आणि नोकरीच्या अखेरच्या वर्षांत वरिष्ठ अधिकारी या नात्याने सैनिकी श्वानांच्या प्रकृतीचा भार त्यांच्यावर होता. दत्तमूर्तीच्या पायांशी बसलेल्या चार श्वानांकडे ते बराच वेळ टक लावून पाहत होते. मग आमच्या वडिलांस म्हणाले, “गुरुजी, एक विचारू का? श्वानाच्या हत्येस शास्त्रात प्रायश्चित्त काय सांगितले आहे?”

वडील समई सारखी करीत होते, ते थांबले. “डॉक्टरसाहेब, तुमच्या हातून हत्या? तुम्ही तर जन्मभर जीव वाचवलेत.”

त्यावर त्यांनी जी हकीकत सांगितली ती थोडक्यात अशी. सीमेवरच्या एका ठाण्यातून स्फोटके हुंगून काढणारा एक श्वान त्यांच्याकडे जखमी होऊन आला होता. काटेरी तारेने खांदा फाटलेला, पंजाचे तळवे सोललेले. पाच आठवडे त्यांनी त्याच्यावर उपचार केले. पहिले काही दिवस तो अन्नास तोंड लावीना, तेव्हा ते स्वतः शेजारी बसून त्यास भरवीत. एके सकाळी त्यांनी चेंडू फेकला आणि तो श्वान लंगडण्याची खूणही न दाखवता त्याच्यामागे धावला. त्याच दिवशी त्यांनी कागदावर ‘कामास योग्य’ असे लिहून सही केली. महिना उलटला नाही तोच रस्त्यात पुरलेला सुरुंग उडाला आणि तो श्वान गेला. मागून चालणारे जवान बचावले.

“आणखी पंधरा दिवस ठेवून घेतला असता तर मला कोणी जाब विचारला नसता,” ते म्हणाले. “गुरुजी, मी त्याला बरा केला तो कशासाठी? मरायला पाठवण्यासाठीच ना?”

वडिलांनी शांतपणे विचारले, “तुम्ही लिहिलेत ते खोटे होते काय?”

“नाही. तो खरोखर बरा झाला होता.”

“मग लेखणीला पाप नाही. दुःख आहे, ते राहणार. पण दुःखाला प्रायश्चित्त नसते, डॉक्टरसाहेब.”

ते गृहस्थ नमस्कार करून उठले. वडिलांचे उत्तर त्यांनी आदराने ऐकले खरे, परंतु त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही. आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. माझे शिक्षण शाळेपुरतेच. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु देवघरात वाढल्यामुळे ज्या कथा कानांवर पडल्या आहेत, त्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करून पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या वैद्याचे कार्य काय असते ते पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी आपणांस फारच थोडे ठाऊक असते. आपल्या सैन्यात पशूंची निगा राखणारे एक स्वतंत्र दल आहे. ‘रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअर’ असे त्याचे नाव. १७७९ हे ते आपल्या स्थापनेचे वर्ष मानते. घोडे आणि खेचरे ही पूर्वी त्याची मुख्य जबाबदारी होती, पुढे श्वानांचे महत्त्व वाढत गेले. मेरठ येथे या दलाचे केंद्र आहे आणि तेथेच श्वानांस शिकवून तयार करतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा या जातींचे श्वान तेथे मुख्यत्वे असतात. आपल्या बेळगावपासून फार दूर नसलेल्या मुधोळच्या सडपातळ शिकारी श्वानांनाही २०१६ च्या सुमारास तेथे शिक्षणासाठी नेण्यात आले. मुधोळकर घोरपडे सरकारांनी ज्या जातीची जोपासना केली, तिला सैन्यात प्रवेश मिळाला, ही आपल्या भागातील लोकांना आनंदाची गोष्ट वाटली तर त्यात नवल नाही.

श्वानाचे सारे मोल त्याच्या नाकात आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे पन्नास-साठ लाख असतात. श्वानाच्या नाकात त्या वीस कोटींहून अधिक असतात. पुरलेला सुरुंग, लपवलेली स्फोटके, पळालेल्या माणसाचा माग, हिमाखाली गाडला गेलेला जवान, हे सर्व तो शोधतो. त्याची बरोबरी करणारे यंत्र अद्यापि निघालेले नाही.

आता अशा श्वानाची प्रकृती सांभाळणे हे घरच्या कुत्र्यास औषध देण्यापेक्षा निराळे आहे. श्वानाच्या अंगाचे स्वाभाविक उष्णतामान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसासारखा सर्वांगाने त्यास घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. त्यामुळे भर उन्हात काम करताना तो पाहता पाहता उष्माघाताने कोसळू शकतो. मोठ्या छातीच्या जातींत पोट वायूने फुगून पीळ घेते, आणि तत्काळ शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत प्राण जातो. अमेरिकेच्या सैन्यात तर हा धोका टाळण्यासाठी श्वानाचे जठर आधीच टाके घालून पोटाच्या आतील भिंतीस बांधून टाकण्याची पद्धत आहे. चावा घेण्याच्या शिक्षणात सुळे मोडतात; उड्या मारून मारून कंबरेचे आणि मांडीचे सांधे झिजतात.

परंतु या सर्वांहून अवघड गोष्ट ती निराळीच. ते गृहस्थ एकदा बोलता बोलता म्हणाले होते की, जो श्वान कामाला उत्तम, तोच रोगी म्हणून सर्वांत कठीण. कारण कामाच्या ओढीने तो आपले दुखणे लपवतो. पाय दुखत असला तरी चेंडू दिसताच धावतो. शेपटी हलते आहे यावरून तो बरा आहे असे म्हणावे, तर ती फसवणूक ठरते. म्हणून वैद्यास त्याच्या चालीतील बारीकसा फरक, जिना चढताना घेतलेला क्षणभर विसावा, पाठीवरून हात फिरवताना आखडलेला एखादा स्नायू यांवरून दुखणे ओळखावे लागते.

हे ध्यानात घेतले म्हणजे मूळ प्रश्नाची खोली कळते. या वैद्याचे दोन धनी आहेत. एक समोरचा मुका रोगी, दुसरा ज्याची आज्ञा पाळायची ते सैन्य. रोगी बरा व्हावा ही दोघांचीही इच्छा. परंतु रोगी बरा झाला की त्यास पुन्हा मृत्यूच्या तोंडी धाडायचे, हे दुसऱ्या धन्याचे काम. मग ही चिकित्सा दया म्हणावी, की हत्यारास धार लावणे म्हणावे?

कोणी म्हणेल, सैनिकांच्या डॉक्टरासही हाच प्रश्न नाही काय? तोही जखमी जवानास बरा करून पुन्हा आघाडीवर पाठवतोच. होय, परंतु जवान आपल्या इच्छेने भरती झालेला असतो. आपण कशासाठी लढतो हे त्यास ठाऊक असते. “डॉक्टर, अजून दुखते,” असे तो सांगू शकतो. त्यास वेतन आहे, पेन्शन आहे, घरी वाट पाहणारे आहेत. श्वानास यांतले काहीच नाही. देश म्हणजे काय, शत्रू कोण, सुरुंग कशाला म्हणतात, हे त्यास ठाऊक नसते. त्यास एक गंध शोधायचा असतो, कारण तो सापडला की आपला माणूस शाबासकी देतो आणि चेंडू मिळतो. त्या प्रेमापोटी तो जीव धोक्यात घालतो, आणि आपण जीव धोक्यात घातला हेही त्यास कळत नाही.

यावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर अहिंसेचे. ज्यास युद्ध कळत नाही त्यास युद्धात नेणे हाच अधर्म होय. तेव्हा श्वानास सैन्यात घेऊच नये. हे मत उदात्त आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. परंतु त्याचा परिणाम काय होईल ते पाहा. ज्या रस्त्यावर श्वान पुढे चालला नाही, त्या रस्त्यावर कोणाचा तरी मुलगा पुढे चालेल. बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. ज्यांच्या घरचे कोणी तेथून शिकून सीमेवर गेले आहे अशी कुटुंबे आपल्याही परिचयात असतील. त्यांच्यापुढे उभे राहून “श्वानास नेऊ नका” असे म्हणण्याचे धैर्य मला तरी होणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरात राजौरी भागातील चकमकीत ‘केंट’ नावाची लॅब्राडोर मादी आपल्या सांभाळणाऱ्या जवानास वाचवताना मारली गेली. तो जवान आज आहे, हे त्या मादीचे देणे आहे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. श्वान हे सैन्याचे साहित्य आहे. बंदुकीस तेल घालावे तसे त्यास औषध द्यावे, आणि निकामी झाले की टाकून द्यावे. हे उत्तर कोणी उघडपणे देत नाही, परंतु वागणुकीत ते अनेकदा दिसले आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने सुमारे चार हजार श्वान वापरले. युद्ध संपल्यावर त्यांपैकी केवळ दोनशेच्या आसपास परतले. उरलेल्यांपैकी जे जिवंत होते ते जादा साहित्य म्हणून तेथेच सोडण्यात आले किंवा मारण्यात आले. ज्या जवानांनी त्यांच्याबरोबर रात्री काढल्या होत्या, त्यांस ही गोष्ट पुढे आयुष्यभर सलत राहिली. तेथील कायदा बदलण्यास २००० साल उजाडावे लागले. ‘रॉबी’ नावाच्या एका वृद्ध सैनिकी श्वानावरून त्या कायद्याची मागणी पुढे आली होती. निवृत्त श्वानास दत्तक देण्याची वाट त्या कायद्याने मोकळी झाली, परंतु रॉबीचे दुखणे तोवर इतके वाढले होते की २००१ च्या जानेवारीत त्यास मरण द्यावे लागले.

आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबू नये. आपल्या देशातही निवृत्त श्वानांस मरण देण्याची रीत होती. २०१५ साली माहितीच्या अधिकारातून ही गोष्ट लोकांसमोर आली, दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, आणि नवे धोरण आखीत असल्याचे सरकारतर्फे तेथे सांगण्यात आले. त्यानंतर निवृत्त श्वानांस सांभाळण्याचा आणि इच्छुकांस दत्तक देण्याचा मार्ग खुला झाला. चूक ध्यानात आली आणि ती सुधारण्याची वाट धरली, हे राष्ट्रास भूषणावहच आहे.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. महाभारताविषयी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्या महाग्रंथाच्या आरंभीच एका श्वानाची कथा आहे आणि अखेरीसही एका श्वानाची. आरंभी जनमेजयाच्या यज्ञात सरमेचा पुत्र, एक कुत्र्याचे पिल्लू, येऊन बसते. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्यास मारतात. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाने कोणता अपराध केला होता? कोणास उत्तर देता येत नाही. तेव्हा ती शाप देते की, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. अखेरीस महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी उभा आहे. भाऊ गेले, द्रौपदी गेली, मागून एक श्वान तेवढा आला आहे. इंद्र म्हणतो, त्यास सोड आणि रथात बस. युधिष्ठिर नकार देतो. जो आपल्या आश्रयाने आला त्यास सोडून मिळणारा स्वर्ग त्यास नको असतो.

या कथेत मला एक गोष्ट विशेष वाटते. त्या श्वानाने युधिष्ठिरासाठी काहीही केलेले नव्हते. सुरुंग हुंगला नव्हता, वैऱ्यावर झेप घेतली नव्हती. तो केवळ बरोबर चालत आला होता. केवळ बरोबर चालत आलेल्यास सोडणे जर धर्मराजास अधर्म वाटले, तर ज्याने आपल्यापुढे चालून आपला मृत्यू स्वतःवर घेतला, त्यास निकामी म्हणून टाकून देणाऱ्यास काय म्हणावे? सरमेचा प्रश्न अशा वेळी आपल्याही दाराशी येतो.

तेव्हा दोन्ही टोकांची उत्तरे बाजूस ठेवावी लागतात, आणि वडिलांनी दिलेल्या उत्तराकडे मला पुन्हा यावेसे वाटते. त्यांनी सांगितले की लेखणीला पाप नाही. ते खरे आहे. परंतु वृद्ध डॉक्टरांचे मन जे बोलत होते, तेही खोटे नव्हते असे मला वाटते. त्यांनी त्यास पापाचे नाव दिले, एवढीच चूक. आपल्या धर्मात पापाखेरीज आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती म्हणजे ऋण. पाप हे चुकीने घडते, ऋण चुकीवाचूनही होते. माणूस जन्मतो तोच देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊन. त्यात त्याचा काय अपराध? म्हणूनच गृहस्थास नित्य पंचमहायज्ञ सांगितले, आणि त्यांत भूतयज्ञ सांगितला. वैश्वदेवानंतर गाईस, कावळ्यास, श्वानास अन्न काढून ठेवायचे ते दान म्हणून नव्हे. आपले जीवन इतर जीवांवर उभे आहे याची ती रोजची कबुली आहे. पापास प्रायश्चित्त असते आणि ते केले की मनुष्य मोकळा होतो. ऋणास प्रायश्चित्त नसते. ते फेडावे लागते, आणि पूर्ण फिटले नाही तरी फेडीत राहावे लागते.

असे मानले तर त्या वैद्याच्या कर्तव्याची वाट स्पष्ट होते. त्याने आपल्या रोग्याची जीभ व्हायचे. सैन्य विचारते, “हा कामास योग्य आहे काय?” हा सैन्याचा प्रश्न झाला, आणि त्याचे उत्तर खरे दिलेच पाहिजे. परंतु श्वानास विचारता आला असता तर त्याने निराळा प्रश्न विचारला असता: “मी काम करू शकतो हे खरे, पण त्यासाठी मला किती सोसावे लागते?” हा दुसरा प्रश्न वैद्यावाचून कोणीच विचारणार नाही. सांधा झिजला आहे, तरी तो धावेल; परंतु धावू देऊ नये, असे लिहिण्याचे धैर्य त्यास हवे.

मनाच्या जखमेचेही तसेच. अमेरिकेत टेक्सास राज्यात लॅकलंड येथे सैनिकी श्वानांचे मोठे रुग्णालय आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेले काही श्वान एकाएकी भित्रे होतात, इमारतीत शिरण्यास नकार देतात, आपल्या माणसावर उगाच चवताळतात, असे तेथील वैद्यांस आढळले. जवानांस युद्धानंतर जी मनोव्याधी जडते, तशीच ही आहे असे त्यांनी ठरवले. रणभूमीवर गेलेल्या सुमारे साडेसहाशे अमेरिकन श्वानांपैकी पाच टक्क्यांहून अधिक श्वानांस ती जडली असावी, असा अंदाज २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झाला होता. पूर्वी अशा श्वानास हट्टी किंवा नालायक म्हटले गेले असते. वास्तविक त्या मुक्या जीवास ‘नको’ म्हणण्याचा तेवढा एकच मार्ग होता, आणि तो समजून घेणारा कोणी तरी भेटला.

मग शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रसंग उरतो, मरण देण्याचा. असाध्य रोगाने तळमळणाऱ्या श्वानास वैद्याने सुई देऊन शांत करावे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद असतील. मला एवढेच वाटते की, अशा वेळी त्याने स्वतःस विचारावे: या मृत्यूने कोणाचे ओझे उतरते आहे? श्वानाची वेदना संपत असेल, तर तो हात दयेचा आहे. खर्चाच्या वहीतला एक आकडा कमी होत असेल, तर त्यास दयेचे नाव देऊ नये. मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोहून अधिक स्फोटके शोधणारा पोलिसांचा ‘झंजीर’ २००० साली हाडांच्या कर्करोगाने गेला. अखेरपर्यंत त्यास उपचार मिळाले आणि त्याच्या देहास पोलिसांनी मानवंदना दिली. २०२२ च्या ऑक्टोबरात अनंतनाग येथे दोन गोळ्या लागूनही मागे न फिरलेला ‘झूम’ श्रीनगरच्या सैनिकी पशुरुग्णालयात गेला, तेव्हाही वैद्य अखेरपर्यंत झटले. तो वाचला नाही. पण ऋण फेडायचे म्हणजे वाचवून दाखवलेच पाहिजे असे नाही. शेवटपर्यंत सोडायचे नाही, एवढेच आपल्या हाती असते, आणि युधिष्ठिरानेही तेवढेच केले.

वाचकहो, हे ऋण एकट्या त्या वृद्ध डॉक्टरांचे आहे असे समजू नये. त्यांनी सही केली, कारण आपण सर्व निर्धास्त झोपावे म्हणून कोणास तरी ती सही करावी लागते. आपण त्या श्वानाचे नावही ऐकलेले नाही, तरी देणेकरी आपणही आहोत. म्हणून निवृत्त झालेल्या अशा श्वानास ज्याच्या घरी जागा असेल त्याने ती द्यावी. ते जमणार नसेल त्याने निदान रस्त्यावरच्या मुक्या जीवास दगड मारणारा मुलाचा हात धरावा.

हे सर्व मी वडिलांस वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. डॉक्टरसाहेब मात्र परवा गुरुवारी आले होते. मी भीत भीत त्यांस म्हटले, “काका, मला वाटते ते पाप नव्हते, देणे होते.” ते थोडा वेळ गप्प राहिले. “देणे असेल तर बरे,” ते म्हणाले, “देणे फेडता येते.” बाहेर पडताना दीपमाळेपाशी नेहमी बसणारा तो तांबडा कुत्रा उठून त्यांच्यामागे निघाला. त्याचा मागचा पाय काही दिवस ओढत होता. आम्ही रोज पाहत होतो आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. डॉक्टरसाहेब दगडी फरशीवर खाली बसले आणि त्याचा पाय हातात घेऊन तळव्यातला काटा शोधू लागले. वडील आतून पाण्याचे भांडे घेऊन आले.